तेच सिरम, दोन प्लेटा

"ताई, किती आल्या?"

2021 च्या पावसाळ्यात आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न दिवसभर कानावर पडायचा. काय किती, ते विचारावं लागत नसे. विषाणूला धरणारी रक्तातली प्रथिनं, म्हणजे करोनाच्या अँटीबॉडी. ज्याचा आकडा हजारांत यायचा तो रिपोर्टचा फोटो काढून तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकायचा. ज्याचा दोन आकडी यायचा तो पडलेल्या चेहऱ्याने विचारायचा, "म्हणजे लस लागूच पडली नाही का?"

मी इंदूरमधल्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, फिरवायचं, यंत्रावर लावायचं, कंट्रोल (ज्यांचा आकडा आधीच माहीत असतो असे नमुने) जमले का ते बघायचं आणि रिपोर्ट मॅडमच्या सहीला पाठवायचा, हे माझं रोजचं काम. करोनाच्या काळात माझं स्वतःचं आणि घरच्यांचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, मी वेळोवेळी जपून ठेवत गेले आणि त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. विषाणू बदलत होता, त्याला तोंड देणारी आपली शरीरं बदलत होती, पण आमच्या किटमधला प्रश्न मात्र जुनाच राहिला होता. लोक ज्या आकड्यावर हुरळत किंवा घाबरत होते तो त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर होता.

आधी तपासणी कशी होते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ते अर्धा तास गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. ट्यूबमध्ये आधीच घातलेला जेल फिरताना मधोमध येऊन बसतो. जेलच्या खाली गोठलेल्या पेशी, वर फिकट पिवळं सिरम. यंत्र फक्त वरचं सिरम उचलतं. किटमध्ये बारीक चुंबकीय कण असतात आणि त्यांच्यावर विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा चिकटवलेला असतो. सिरममधल्या ज्या अँटीबॉडी त्या तुकड्याला धरतात त्या तिथे राहतात, बाकीचं धुऊन जातं. शेवटी रसायन सोडलं की जितका प्रकाश निघेल तितका आकडा. म्हणजे या माणसाचं सिरम त्या तुकड्याला किती धरतं, एवढंच आकडा सांगतो. तो तुकडा कुठल्या विषाणूचा, हे रिपोर्टवर छापलेलं नसतं. आमच्या किटमधला तुकडा वुहानमध्ये पहिल्यांदा सापडलेल्या विषाणूचा होता.

मला 2020 च्या सप्टेंबरमध्ये करोना झाला. ताप फारसा नव्हता, पण वास गेला. आईने हिंगाची फोडणी घातली तरी स्वयंपाकघरात बसून कळेना. बरी झाल्यावर आमच्याच यंत्रावर तपासणी केली. तेव्हाचं किट न्यूक्लिओकॅप्सिडचं होतं, म्हणजे विषाणूच्या आत आरएनएला गुंडाळून असलेल्या प्रथिनाचं. आकडा चांगला आला. थंडीत पुन्हा लावला तेव्हा कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमारेषेच्या, जेमतेम वर. लॅबमधल्या एका मुलाचा तर निगेटिव्ह आला. प्रतिकारशक्ती संपली, आता परत होणार, असं सगळे म्हणायला लागले.

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं आणि आरोग्य कर्मचारी म्हणून आमचा नंबर लवकर लागला. मॅडम म्हणाल्या, "डोसच्या आधी सगळ्यांनी रक्त काढून ठेवा. सिरम फ्रीजरमध्ये टाकू, पुढेमागे उपयोगी पडेल." तिथून ती सवय लागली. छोट्या ट्यूबवर नावाची आद्याक्षरं आणि तारीख लिहायची आणि डीप फ्रीजरच्या खालच्या खणात ठेवून द्यायची.

पहिल्या कोविशिल्डनंतर दोनेक आठवड्यांनी आम्ही स्पाइक प्रोटीनचं, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रथिनाचं, नवं किट लावलं. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीला तोपर्यंत करोना झालेला नव्हता. तिचा आकडा कट-ऑफ ओलांडून नुसता वर आला होता. माझा यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला. यंत्राने आपोआप सिरम पातळ करून पुन्हा तपासलं तेव्हा कुठे आकडा मिळाला. दोघींनी लस एकाच केंद्रावर, एकाच दिवशी घेतलेली. फरक इतकाच की माझ्या शरीराने तो विषाणू आधी पाहिलेला होता. थंडीत घसरलेल्या आकड्यावरून सगळं पुसलं गेल्यासारखं वाटत होतं, पण लसीका ग्रंथींमध्ये स्मृती-बी पेशी, म्हणजे जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, बसून होत्या. त्या रक्तात अँटीबॉडी सोडत नाहीत, त्यामुळे कुठल्याच सिरमच्या तपासणीत दिसत नाहीत. ओळखीचं प्रथिन समोर आलं की मात्र काही दिवसांत कामाला लागतात. प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तात या क्षणी फिरणाऱ्या अँटीबॉडी नव्हेत, हे मी अभ्यासक्रमात शिकले होते. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

एप्रिल 2021 बद्दल थोडकंच लिहिते. रात्र-रात्र सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आजार किती गंभीर ते दाखवणाऱ्या तपासण्या. ट्यूबांच्या रांगा संपत नव्हत्या आणि फोनवर रेमडेसिविर कुठे मिळेल, ऑक्सिजन कुठे मिळेल एवढंच. माझा थोरला भाऊ तेव्हा पंचेचाळीसच्या आतला, म्हणून त्याला लस मिळालेली नव्हती. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ती 1 मेपासून खुली झाली आणि दादा एप्रिलमध्येच ऑक्सिजनवर गेला. त्याचं फेरिटिन मीच लावलं. कंट्रोल पुन्हा पुन्हा तपासले, कारण आकडा खरा आहे यावर विश्वास बसत नव्हता. तो वाचला. त्या वेळी ज्या व्हेरियंटने शहर वेठीला धरलं त्याला 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) चौथी सीरो-पाहणी, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडींची पाहणी, जून-जुलै 2021 मध्ये झाली. देशात 67.6 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या आणि मध्य प्रदेशात 79 टक्के, पाहणी झालेल्या राज्यांत सगळ्यात जास्त. केरळमध्ये तेव्हा 44.4 टक्के. त्याच सुमाराला 21 जूनला इंदूरने एका दिवसात दोन लाखांवर डोस दिले. या आकड्यांकडे तेव्हा आम्ही फक्त दिलासा म्हणून पाहिलं. विषाणूच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं होतं. 2020 मध्ये जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच्यासाठी नवा होता, म्हणून जो प्रकार जास्त वेगाने पसरेल तो जिंकायचा. डी614जी हा सुरुवातीचा बदललेला प्रकार जिंकला, मग अल्फा, मग डेल्टा. दर दहा माणसांतल्या सात-आठ जणांकडे अँटीबॉडी असताना नुसता वेग पुरत नाही. तिथे अँटीबॉडींना चुकवणाऱ्याला वाव मिळतो. आमच्याच प्रतिकारशक्तीने विषाणूपुढची परीक्षा बदलून टाकली होती.

"किती आल्या"चा जोर होता तो याच महिन्यांत. त्यात दोन गोष्टींचा लोकांना फार मनस्ताप झाला. पहिली, वेगवेगळ्या लॅबचे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2020 मध्ये अँटीबॉडीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवून दिलं होतं, तरी प्रत्येक कंपनी आपापल्या एककात रिपोर्ट देत राहिली. एका प्रचलित किटवरचे 500 म्हणजे आंतरराष्ट्रीय मापात 71. नवऱ्याचे त्या किटवरचे 500 आणि बायकोचे आंतरराष्ट्रीय मापातले 90 पाहून त्या घरात काय काय बोललं गेलं असेल! प्रत्यक्षात दोघांच्या तपासण्या दोन ठिकाणी झाल्या होत्या आणि बायकोचा आकडाच सरस होता.

दुसरी गोष्ट कोव्हॅक्सिनची. माझ्या आजीने कोव्हॅक्सिन घेतली, आईने कोविशिल्ड. दोघींनाही तोवर करोना झालेला नव्हता. आमच्या स्पाइकच्या किटवर आजीचा आकडा आईपेक्षा कितीतरी कमी. आजीचं वयही होतंच, पण कोव्हॅक्सिन घेतलेल्या तरुणांचेही आकडे बहुधा कमीच यायचे. रामबागेतले आमचे शेजारी काका तर रिपोर्ट हातात धरून भांडायलाच आले. मग मी आजीचं सिरम जुन्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या किटवर लावून पाहिलं. तिथे ती पॉझिटिव्ह, आई निगेटिव्ह. कोविशिल्ड शरीराला फक्त स्पाइक दाखवते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असतो, निष्प्रभ केलेला, म्हणून त्याच्या आतल्या प्रथिनांचीही ओळख होते. कोणती लस चांगली, याचा निवाडा त्या दोन आकड्यांवरून करता येत नव्हता.

दिवाळीपर्यंत सगळ्यांचेच आकडे उतरले आणि काउंटरवर नवी भीती सुरू झाली. त्या काळात मी लोकांना जे सांगायचे ते आजही सांगते. आयजीजी प्रकारची अँटीबॉडी रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. लस किंवा आजारानंतर लगेच जो मोठा आकडा दिसतो तो थोड्या दिवसांसाठी तयार झालेल्या पेशींचा असतो. त्या पेशी मरतात, आकडा उतरतो, आणि तो उतरायलाच हवा. सर्दी-पडशापासून टायफॉइडपर्यंत भेटलेल्या प्रत्येक जंतूची अँटीबॉडी आपण त्याच पातळीवर वागवत राहिलो तर रक्ताचं घट्ट पीठ होईल. पाहायचं ते असं, की तीन आठवड्यांत निम्मी होणारी वस्तू वर्षभराने सापडते, ती येते कुठून? अस्थिमज्जेतून. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी 2021 मध्ये सौम्य करोनातून उठलेल्या लोकांच्या अस्थिमज्जेचे नमुने घेतले, तेव्हा अकरा महिन्यांनंतरही तिथे करोनाची अँटीबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी सापडल्या. आणि तिकडे लसीका ग्रंथींत बी-पेशी आपल्या अँटीबॉडीत बारीकसारीक बदल करत, जास्त घट्ट धरणाऱ्या निवडत, महिनोनमहिने सुधारत होत्या. आमचा आकडा खाली येत होता तेव्हा अँटीबॉडीची प्रत वर जात होती. यंत्रावर त्याला रकाना नव्हता.

26 नोव्हेंबर 2021 ला ओमायक्रॉनचं नाव आलं. संक्रांतीपर्यंत आमची अर्धी लॅब घरी. मी, आई, दादा, दादाची बायको, सगळे एकाच आठवड्यात तापाने फणफणलो. आईचा आकडा डिसेंबरमध्ये अजून चार आकडी होता. तिने अंथरुणातूनच मला विचारलं, "अगं, मग ते हजार गेले कुठे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पेशींना धरण्यासाठी स्पाइकचं जे टोक विषाणू वापरतो, ज्यावर आपल्या बहुतेक कामाच्या अँटीबॉडी बसतात, त्या भागात डेल्टामध्ये दोन बदल होते. ओमायक्रॉनमध्ये पंधरा. हे वाचून समजत होतं. माझ्या आईच्या रक्तात त्याचा अर्थ काय, ते बघायचं होतं.

मॅडमच्या ओळखीने शहरातल्याच एका संशोधन प्रयोगशाळेत ते शक्य झालं. 2022 च्या उन्हाळ्यात मी फ्रीजरमधल्या ट्यूबा बर्फात घालून तिकडे नेल्या. घरच्या सगळ्यांची संमती घेतली होती, आईने तर सही करताना "माझंच आधी लाव" असं बजावलं. तिथे एलायझाच्या, म्हणजे रंगावरून अँटीबॉडी मोजणाऱ्या तपासणीच्या, दोन प्लेटा तयार होत्या. एकीच्या खळग्यांच्या तळाशी जुन्या विषाणूचा तुकडा, दुसरीच्या तळाशी ओमायक्रॉनचा. बाकी सगळं सारखं. मी स्वतः पायपेटने प्रत्येक सिरम शंभर पट पातळ केलं, त्यातून तिप्पट, पुन्हा तिप्पट, असं शेवटच्या खळग्यापर्यंत उतरत गेले. तासभर उबेत ठेवलं, धुतलं, पुढचं रसायन, पुन्हा धुतलं. शेवटी रंगाचं द्रावण टाकलं की खळगे निळे व्हायला लागतात आणि आम्ल टाकून थांबवलं की पिवळे होतात. जितका गडद पिवळा तितकी अँटीबॉडी.

आईचं डिसेंबरचं सिरम, म्हणजे ओमायक्रॉन होण्याआधीचं, जुन्या प्लेटवर जवळजवळ शेवटच्या खळग्यापर्यंत पिवळं होतं. दुसऱ्या प्लेटवर तेच सिरम, त्याच ट्यूबमधलं, त्याच हाताने घातलेलं, पहिल्या काही खळग्यांतच फिकं पडत गेलं. हजार कुठे गेले त्याचं उत्तर समोर होतं. ते होते तिथेच होते. पण ते ज्या तुकड्याला धरायला शिकले होते तो तुकडा आता फारसा उरलाच नव्हता. आणि धरणं म्हणजे निकामी करणं नव्हे. विषाणूला खरोखर अडवणाऱ्या अँटीबॉडी मोजायच्या तर जिवंत विषाणू पेशींवर सोडून बघावं लागतं आणि ते पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या) कडेकोट प्रयोगशाळेतच होतं. तशा चाचण्यांमध्ये तर दोन डोस घेतलेल्या पुष्कळ लोकांचं सिरम ओमायक्रॉनला मोजण्याइतकंही अडवत नव्हतं. आमच्या प्लेटवर दिसलेला फरक त्या मानाने सौम्य.

मला जास्त विचारात पाडलं ते आईच्या मार्चच्या सिरमने. आता तिला ओमायक्रॉन होऊन गेला होता, तेव्हा ओमायक्रॉनची प्लेट जास्त गडद यावी अशी माझी अपेक्षा. दोन्ही प्लेटा गडद झाल्या, पण जुनी प्लेट अजूनही पुढेच. शाळेत थोरल्या भावाला शिकवलेल्या बाई धाकट्यालाही त्याच्याच नावाने हाक मारतात, तसं काहीसं शरीराने केलं होतं. नवा पाहुणा आल्यावर नव्याने ओळख करून घेण्याऐवजी आधी जुनी ओळख जागी केली. दोघांत जे सारखं होतं त्यावर बसणाऱ्या पेशी आधीच तयार होत्या, त्या भराभर वाढल्या आणि त्यांनीच काम उरकलं.

नणंदेच्या पाच वर्षांच्या मुलाचं सिरमही त्यात होतं. त्याच्या घरी ओमायक्रॉनच्या आधी कुणाला करोना झालेला नव्हता आणि त्या वयाला लस नव्हतीच. दुसऱ्या एका तापासाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं सिरम नणंदेने "घे वहिनी" म्हणून वापरू दिलं. त्याची ओमायक्रॉनची प्लेट गडद आणि जुनी फिकी. आईच्या बरोबर उलट! एकाच महिन्यात, एकाच विषाणूने आजारी पडलेली दोन माणसं, आणि दोघांची उत्तरं आपापल्या पहिल्या भेटीनुसार. दोन प्लेटा शेजारी ठेवून मी किती वेळ बघत होते कोण जाणे. चार-दोन माणसांच्या सिरमवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला माहीत आहे. पण जगभरच्या मोठ्या अभ्यासांत जे येत होतं तेच माझ्या हाताखालच्या खळग्यांत दिसत होतं.

ही गोष्ट करोनाने शिकवलेली नाही. थॉमस फ्रान्सिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1960 मध्येच फ्लूबद्दल तसं लिहिलं होतं, की लहानपणी भेटलेल्या पहिल्या फ्लूचा ठसा माणसाच्या अँटीबॉडींवर जन्मभर राहतो. आता त्याला इम्युन इम्प्रिंटिंग म्हणतात. आणि हा ठसा नेहमी वाईटच असतो असंही नाही. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा तो तरुणांना जास्त झोंबला आणि म्हाताऱ्यांना त्या मानाने कमी लागण झाली. त्यांच्या लहानपणी 1918 च्या विषाणूचे वंशज अजून फिरत होते आणि नवा विषाणू त्यांच्याशी साम्य राखून होता. माझी आजी 1936 ची. 2009 मध्ये घरात दादा, वहिनी, मी सगळे आडवे झालो आणि आजी एकटी तुळशीचा काढा करून आम्हाला पाजत होती. तिला का झाला नाही हे नेमकं कुणी सांगू शकणार नाही, पण हे कारण असू शकतं. 1918 च्या साथीतून वाचलेल्या माणसांच्या रक्तात जवळजवळ नव्वद वर्षांनी त्या विषाणूला अडवणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या आहेत, तेव्हा पहिल्या भेटीची ताकद कमी लेखू नये.

राहिला प्रश्न आईच्या दुसऱ्या बाजूचा. अँटीबॉडीने ओमायक्रॉनला नीट अडवलं नाही, तरी ती चौथ्या दिवशी उठून भाकरी करायला कशी लागली? दादा डेल्टात ऑक्सिजनवर गेला होता, तोही या वेळी घरीच बरा झाला. आजीला तर नुसता खोकला. शहरातही तेच. त्या मार्चमध्ये दोन वर्षांनी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मी घाबरत होते. वॉर्ड भरले नाहीत.

याचं उत्तर मी रोज टाकून देत होते. जेलच्या खाली. ट्यूब फिरवली, सिरम उचललं की खालचा पेशींचा गोळा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) होऊन लाल पिशवीत जातो, आणि टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा प्रकार असतो तो त्याच गोळ्यात. टी-पेशी विषाणूला बाहेरून धरत नाहीत. आजारी पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते तुकडे बघून टी-पेशी तिला ओळखतात. हे तुकडे लहान असतात आणि विषाणूच्या अंगभर पसरलेले असतात, नुसत्या स्पाइकच्या टोकाशी नाही. टोकावर पंधरा बदल झाले तरी बाकीचं बहुतेक जसंच्या तसं राहतं. केप टाउनच्या संशोधकांना आढळलं की लस घेतलेल्या किंवा आधी लागण झालेल्या लोकांचा स्पाइकला मिळणारा टी-पेशींचा प्रतिसाद ओमायक्रॉनविरुद्ध 70 ते 80 टक्के शाबूत होता. लागण टाळणं त्यांना जमत नाही, पण लागलेली आग फुप्फुसभर पसरू न देणं जमतं. सिंगापूरमध्ये तर 2003 च्या सार्समधून बरे झालेल्यांच्या रक्तात 17 वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी मिळाल्या.

मग त्या मोजत का नाही, असं लोक विचारतात. मोजता येतात, पण पेशी जिवंत हव्यात. टीबीची इग्रा तपासणी आम्ही करतो ती हीच. ताजं रक्त टीबीच्या प्रथिनांबरोबर 37 अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि टी-पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन किती सोडलं ते दुसऱ्या दिवशी बघायचं. रक्त उशिरा पोचलं, थंड पडलं, नीट हलवलं नाही, की निकाल बाद. करोनासाठी अशी तपासणी रोजच्या व्यवहारात आलीच नाही. मोजायला सोपं ते मोजलं गेलं, आणि जे मोजलं गेलं तेवढंच लोकांना खरं वाटलं. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण कमी आकड्याच्या धास्तीने झोप उडालेली माणसं मी समोर पाहिली आहेत.

पुढचं लवकर सांगते. विषाणूच्या वेगवेगळ्या शाखांनी स्पाइकच्या टोकावर नेमक्या त्याच त्या जागा बदलायला सुरुवात केली. कुणी कुणाची नक्कल करत नसताना असं घडतं, तेव्हा समजायचं की सगळ्यांवर दाब एकच आहे, आपल्या अँटीबॉडींचा. दोन शाखांची सरमिसळ होऊन एक्सबीबी झाला. त्याचाच एक्सबीबी.1.16 हा वंशज 2023 च्या वसंतात भारतात वाढला आणि मला तिसऱ्यांदा करोना झाला, दीड दिवसाचा. लसवाल्यांनीही धडा घेतला होता. जुना आणि ओमायक्रॉन असे दोन्ही घटक असलेल्या बूस्टरने मुख्यतः जुन्याच आठवणी जाग्या केल्या, म्हणून मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने पुढच्या लशींतून मूळ विषाणू वगळायचा सल्ला दिला. पुण्याच्या जिनोव्हाची ओमायक्रॉनसाठीची एमआरएनए लस त्याच जूनमध्ये मंजूर झाली. आणि ठसा कायमचा असला तरी तो जखडून ठेवत नाही. ओमायक्रॉनच्या वंशाशी दुसऱ्या-तिसऱ्यांदा गाठ पडली की नव्या तुकड्यांसाठीच्या पेशीही हळूहळू जोर धरतात. अशा दोन्हीकडून, लशीने आणि लागणीने, शिकलेल्या शरीराचा आवाका नुसत्या एका वाटेने शिकलेल्यापेक्षा मोठा असतो. आमच्या शहरात आता बहुतेक माणसं अशीच आहेत.

सगळी मात्र नाहीत. माझ्या धाकट्या काकांची किडनी बदललेली आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून ते रोज ज्या गोळ्या घेतात त्या बी आणि टी पेशींनाच आवर घालतात. 2021 मध्ये दोन डोसनंतर आमच्या यंत्रावर त्यांचा आकडा कट-ऑफच्या खाली आला. लॅब बदलून बघितली, तरी तेच. मोठा आकडा फारसं काही सांगत नाही असं मी सगळ्यांना समजावत होते, पण काकांचा हा शून्याजवळचा आकडा अगदी स्पष्ट बोलत होता आणि त्यांच्या डॉक्टरांनी तो गंभीरपणे घेतला. तिसऱ्या डोसनंतर थोडी अँटीबॉडी दिसली, थोडीच.

2025 च्या मे-जूनमध्ये पुन्हा केसेस वाढल्या तेव्हा काउंटरवर परत लोक यायला लागले, "ताई, एकदा अँटीबॉडी बघून घेऊ का?" धडधाकट माणसाला मी सांगते, पैसे वाचवा, ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. काकांची तपासणी मात्र त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. ती मी लावली, आणि दादाला फोन करून सांगितलं की घरात कुणालाही सर्दी असेल तर रविवारी काकांकडे जेवायला जायचं नाही, आणि जो जाईल त्याने मास्क लावायचा.